ती गप्प का बसलीय?

माझी आत्या ७४ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत फराळाची ताटं उचलून झाल्यावर तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. कुणीतरी तिला एक जुनी, काळी-पांढरी चित्रफीत पाठवली होती. काळे कपडे घातलेली एक तरुण बाई पाय दुमडून जमिनीवर बसली आहे. जवळ एक कात्री. एकेक जण येतो, तिच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा कापतो आणि घेऊन जातो. ती बोलत नाही, जागची हलत नाही. आत्याने ती फीत दोनदा बघितली होती. मला म्हणाली, "अगं, ही गप्प का बसलीय? आणि एवढी माणसं आहेत तिथे, कुणी थांबवत कसं नाही?"

मी मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे असले प्रश्न घरात माझ्याकडेच येतात. 'यात कला कुठे आहे', 'हे तर कुणीही करेल', 'बाईनेच का करायचं हे सगळं', अशी त्यांची अनेक रूपं असतात. आत्याचा प्रश्न मला या सगळ्यांपेक्षा नेमका वाटला. तिने एकाच दमात दोन बाजू पकडल्या होत्या, बसलेली बाई आणि तिच्याभोवतीची माणसं. या प्रकारची कला समजून घ्यायला सुरुवात इथूनच करावी लागते.

ती बाई म्हणजे योको ओनो. जॉन लेननची पत्नी म्हणून तिचं नाव जगभर झालं, पण हे काम त्याची ओळख होण्याआधीचं आहे. जपानमधल्या क्योटो शहरात १९६४ साली तिने ते पहिल्यांदा केलं. आत्याच्या मोबाइलवर होती ती १९६५ची, न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमधली चित्रफीत. कामाचं नाव 'कट पीस'.

नाटकापेक्षा उपोषणाच्या जवळचं

या कलेला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात. मराठीत 'प्रयोगकला' म्हटलं की गाणं, नाच, नाटक डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी इथे नुसता 'परफॉर्मन्स' हा शब्द वापरते. अर्थ सोपा आहे. कलावंत स्वतः, ठरवलेल्या वेळी आणि ठरवलेल्या जागी, काहीतरी प्रत्यक्ष करतो. ते करणं हीच कलाकृती. भिंतीवर टांगायला मागे काही उरलं तर उरलं.

मग हे नाटक का नव्हे? नाटकात खंजीर खोटा असतो. नटी तिसऱ्या अंकात मरते आणि पडदा पडल्यावर विंगेत चहा पिते. परफॉर्मन्सचं नातं मला उपोषणाशी जास्त जवळचं वाटतं. उपोषणाला बसलेल्या माणसाची भूक खरी असते. त्याचा सगळा युक्तिवाद त्याच्या शरीरात असतो. किती दिवस झाले, कोण भेटायला आलं, कोण समोरून गाडीची काच वर करून निघून गेलं, हे सगळं त्या उपोषणाचाच भाग होऊन जातं. फरक एवढाच की उपोषणाला मागणी असते. परफॉर्मन्समध्ये बहुतेकदा मागणी नसते, एक परिस्थिती मांडून ठेवलेली असते आणि पुढे काय होईल ते कलावंतालाही ठाऊक नसतं.

'कट पीस' तर ओनोने पाककृतीसारखी लिहूनच ठेवली आहे. बसणारी व्यक्ती बाईच असली पाहिजे असं त्यात नाही, पुरुषही ती करू शकतो. पण जो कुणी बसेल त्याचे कपडे खरोखर कापले जाणार. सोंग तेवढं चालत नाही.

स्त्रिया साठ-सत्तरच्या दशकांत या वाटेला एवढ्या संख्येने का आल्या? माझ्या मते याचं उत्तर बरंचसं व्यावहारिक आहे. चित्र आणि शिल्प या क्षेत्रांत शतकानुशतकं पुरुषांची गादी होती. युरोपच्या कलाशाळांत मानवी शरीर प्रत्यक्ष बघून रेखाटणं हा शिक्षणाचा गाभा होता आणि नेमक्या त्याच वर्गात मुलींना प्रवेश नव्हता. लंडनच्या रॉयल अकॅडमीत तो १८९३ साली मिळाला, तोही मॉडेलच्या अंगावर काही वस्त्र ठेवून. याच अकॅडमीच्या मुख्य दालनांत एकट्या स्त्री-कलावंताचं प्रदर्शन भरायला २०२३ साल उजाडलं. ती कलावंत मरीना अब्रामोविच, तिच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ. परफॉर्मन्सचं क्षेत्र मात्र नवं होतं. तिथे कुणी महंत बसलेले नव्हते. संगमरवर लागत नव्हता, स्टुडिओ लागत नव्हता. लागत होतं ते शरीर आणि ते प्रत्येकीकडे होतं.

बघायला आलेली माणसं

आता एक शब्द समजून घेऊ, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. तो शब्द 'नजर'.

आत्याला १९७०च्या आसपास लग्नासाठी बघायला माणसं आली. पाच ठिकाणची. प्रत्येक वेळी तीच अंजिरी इरकल नेसून ती पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. एका ठिकाणच्यांनी तिला खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. दुसऱ्यांनी वेणी सोडायला लावली, केस किती लांब आहेत ते कळावं म्हणून. तिसऱ्यांनी सुई ओवायला दिली, डोळे तपासायला. खोलीतल्या सगळ्यांनी आत्याला बघितलं. आत्याने कुणाकडे बघितलं म्हणाल तर ताटलीकडे.

यात कुणी दुष्ट नव्हतं. मुलाची आईसुद्धा, जी स्वतः कधीतरी अशीच ताटली घेऊन उभी राहिली होती, सुनेला त्याच डोळ्यांनी मापत होती. बघणारा कुठे बसणार आणि बघितली जाणारी कुठे उभी राहणार, याची बैठक आधीच मांडलेली होती, इतकंच. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली सिनेमाबद्दल लिहिताना या मांडलेल्या बैठकीला नाव दिलं, पुरुषी नजर. पुरुष वाईट नजरेने बघतात एवढाच त्याचा अर्थ नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, बाईच्या शरीरावरून तो कसा फिरवायचा, हे ठरवताना बघणारा पुरुष आहे असं गृहीत धरलेलं असतं आणि बायकाही स्वतःकडे त्याच जागेवरून बघायला शिकतात, हा त्यातला मुद्दा.

चित्रकलेत हे किती खोल गेलेलं होतं याचा एक आकडा आहे. न्यूयॉर्कमधल्या 'गरिला गर्ल्स' या गटाच्या स्त्रिया गोरिलाचे मुखवटे घालून कलाक्षेत्रातल्या भेदभावाचा जाहीर हिशेब मांडत. त्यांनी १९८९ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष मोजणी केली. आधुनिक कलेच्या दालनांतल्या कलावंतांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी स्त्रिया होत्या आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची होती. म्हणजे संग्रहालयात बाई भरपूर होती, पण रंगवलेली. रंगवणारी नव्हती.

ज्या बाईला आयुष्यभर बघितलं गेलं, तिने ठरवलं की बघण्याची ही बैठकच आता मी मांडणार, कुणी कुठे बसायचं, कुणाच्या हातात काय द्यायचं, हे मी सांगणार, तर काय होईल? या लेखात येणारी बहुतेक सगळी कामं म्हणजे याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

मग गप्प का?

एक्स-रे काढताना आपल्याला हलू देत नाहीत. हललं की चित्र धूसर येतं. 'कट पीस'मधलं गप्प बसणं तसं आहे, पण इथे चित्र उमटतं ते समोरच्या माणसांचं. ती ओरडली असती, कुणाला अडवलं असतं, तर भांडण झालं असतं आणि सगळ्यांचं लक्ष भांडणाकडे गेलं असतं. ती स्थिर राहते म्हणून आपल्याला दिसतं की पहिला माणूस किती संकोचाने, बाहीच्या टोकाचा लहानसा तुकडा घेतो. मग हळूहळू हात धीट होतात. न्यूयॉर्कच्या फितीत एक तरुण मुलगा येतो, रेंगाळत तिचा आतला कपडा कापतो, खांद्यावरचे पट्टे कापतो. तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे अस्वस्थ होऊन इकडेतिकडे फिरतात आणि हात छातीवर येतात. कात्री प्रत्येकाला सारखीच मिळाली होती. तिचं काय केलं, ते प्रत्येकाचं स्वतःचं होतं.

आत्याचा दुसरा प्रश्न होता की कुणी थांबवत कसं नाही. माझ्या मते कामाचं मर्म तिथे आहे. थांबवण्याची मनाई कुणीच केलेली नव्हती.

दहा वर्षांनी, १९७४ साली, इटलीत नेपल्स शहरात मरीना अब्रामोविचने हाच प्रश्न फार पुढे नेला. ती युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडची, तेव्हा विशीत होती. तिने एका टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. गुलाब होता, पीस होतं, मध, द्राक्षं, कात्री, धारदार पातं, पिस्तूल आणि एक गोळीही होती. सोबत लिहून ठेवलं की मी एक वस्तू आहे, माझ्यावर यांतलं काहीही वापरा, सगळी जबाबदारी माझी. रात्री ८ ते २, असे सहा तास. सुरुवातीला लोकांनी फूल हातात दिलं, कुणी गालाला हात लावला. पुढे कपडे कापले गेले, गळ्याजवळ कातडीवर वार झाला, आणि अखेर एकाने गोळी भरलेलं पिस्तूल तिच्याच हातात देऊन तिच्यावर रोखलं. तेव्हा प्रेक्षकांतलेच काहीजण मध्ये पडले. सहा तास संपले, ती पुन्हा माणूस होऊन लोकांच्या दिशेने चालू लागली आणि लोक निघून गेले. तिच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.

या शेवटच्या प्रसंगाशी मी नेहमी थांबते. जोवर ती वस्तू होती तोवर तिच्याकडे बघणं सोपं होतं. ती उलट बघू लागली आणि खोली रिकामी झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या दोघींच्या कामावर 'स्त्रीवादी' ही पाटी बरीचशी इतरांनी लावली. अब्रामोविच स्वतःला स्त्रीवादी कलावंत म्हणवून घेत नाही. ओनोने 'कट पीस'चा संबंध बुद्धाच्या दानाच्या कथेशी जोडला आहे, ज्यात तो अखेर स्वतःचं शरीरही भुकेल्या वाघिणीला देऊन टाकतो. कलावंताने स्वतःला हवं तेवढंच देण्याऐवजी लोकांना हवं ते घेऊ द्यावं, असा तिचा विचार होता. मला हा अर्थ आणि स्त्रीवादी अर्थ एकमेकांच्या आड येताना दिसत नाहीत. आपल्या घरांत बाईच्या 'त्यागा'चं एवढं कौतुक होतं, तिथे देणं कुठे संपतं आणि लुबाडलं जाणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न कुणा जपानी कलावंतापुरता राहत नाही.

देवघरातली लक्ष्मी आणि पुष्पमालाची लक्ष्मी

आतापर्यंत शरीराबद्दल बोललो. आता प्रतिमेकडे येऊ, कारण पुष्कळ कलावंतांनी लोकांसमोर बसण्याऐवजी कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःचं रूप बदललं. कल्पना आपल्याला परकी नाही. बहुरूपी दारात येतो तेव्हा तो हवालदार नसतो हे आपल्याला ठाऊक असतं, तरी क्षणभर आपण सावरून उभे राहतो. वेशाची ताकद आणि वेशाचा खोटेपणा दोन्ही एकदम दिसतात.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी हेच केलं. त्यांचं शिक्षण बडोद्याला झालं, शिल्पकार म्हणून. १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत त्यांनी एका छायाचित्रमालिकेत बुरखाधारी साहसी नायिका उभी केली, जुन्या हिंदी स्टंटपटांतल्या फिअरलेस नाडियाच्या वळणाची, आणि ती स्वतःच साकारली. त्यानंतर २००० ते २००४ या काळात ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर केलेलं काम मला त्याहूनही महत्त्वाचं वाटतं. दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या आधीच प्रसिद्ध असलेल्या प्रतिमा त्यांनी निवडल्या आणि प्रत्येकीत स्वतः उभ्या राहून त्या पुन्हा रचल्या.

त्यांतली एक रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली चित्रं महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. कमळावर उभी, लाल साडी, भरलेलं अंग, गोरा वर्ण. आपल्याला वाटतं लक्ष्मी अशीच असते. पुष्पमाला त्या कमळावर उभ्या राहतात तेव्हा पडदा रंगवलेला आहे हे कळतं, कमळ बनवलेलं आहे हे कळतं. गणपतीच्या मांडवातल्या देखाव्यासारखं सगळं समोर असतं. मग मनात येतं की मूळ चित्रही असंच कुणीतरी रचलेलं होतं. एका माणसाने एका काळात ठरवलं की देवी अशी दिसेल, आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या मुलींना 'लक्ष्मीसारखी' हे माप मिळालं.

त्याच मालिकेत वेळांकण्णीची माता आहे. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावरून घेतलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या बायका आहेत. आणि एक चित्र असं आहे की ते बघताना मला अंगावर काटा येतो. चौकटी आखलेल्या पडद्यासमोर एक बाई उभी आहे, मोजमाप घेण्यासाठी. इंग्रजांच्या राज्यात आदिवासींची अशी छायाचित्रं काढून त्यांच्या शरीराची नोंद ठेवत, किडे टाचून ठेवावेत तशी. देवी, आरोपी आणि नमुना, तिन्ही ठिकाणी चेहरा एकाच बाईचा. बदलतो तो फक्त पडदा आणि बघणाऱ्याचा तिच्यावरचा अधिकार.

अमेरिकेत सिंडी शर्मनने १९७७ ते १९८० या काळात याच वाटेने काम केलं होतं, कधीच न निघालेल्या सिनेमांची नायिका होऊन. तिचं नाव जास्त ऐकू येतं. पण आपल्याला पुष्पमाला जवळच्या, कारण त्यांनी उघडलेलं कपाट आपल्याच घरातलं आहे.

"कपडे काढले की झाली कला?"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एक तर, वर आलेल्या कामांपैकी कुठल्याही कामात कलावंताने लोकांसमोर येऊन स्वतःचे कपडे स्वतः उतरवलेले नाहीत. जिथे कपडे गेले, तिथे ते दुसऱ्यांनी कापले.

पण उघडं शरीर या कलेत आहे, हेही खरं. ते कशासाठी असतं याचं एक उदाहरण देते. ऑस्ट्रियाच्या एका कलावंताने साठच्या दशकात वडिलांचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही आडनावं टाकली आणि एका सिगारेटच्या पाकिटावरून नवं नाव घेतलं, व्हॅली एक्सपोर्ट. १९६८ साली ती छातीवर एक पेटी बांधून रस्त्यावर उभी राहिली. पेटीला पुढून रंगमंचासारखा छोटा पडदा. आत उघडं शरीर. लोकांना दिसत काहीच नव्हतं, मोजके क्षण हात आत घालण्याची मुभा होती. तिने याला सिनेमा म्हटलं. सिनेमागृहात अंधार असतो, बघणाऱ्याला कुणी बघत नाही आणि पडद्यावरची बाई उलट बघत नाही. इथे भर दिवसा, भर चौकात, ज्याचा हात आत होता त्याच्या डोळ्यांत ती सरळ बघत होती. अंधारात फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत तिने उजेडात वसूल केली, असं मी म्हणेन.

आता कायद्याबद्दल. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं अश्लील ठरवून जप्त करण्याचा कस्टम्सचा आदेश रद्द केला. त्याआधी जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका आईला दोषमुक्त केलं. तिने आपल्या उघड्या अंगावर स्वतःच्या मुलांकडून चित्र काढून घेतलं होतं आणि त्याची फीत लोकांसमोर ठेवली होती. खटला बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली होता. बाईचं शरीर उघडं दिसलं म्हणजे त्यात लैंगिक हेतूच असला पाहिजे असं गृहीत धरता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. मला यात एक गोष्ट बोचते. सूझांच्या चित्रांतल्या नग्न बायकांमुळे चित्रं अडकली. केरळात अडकली ती बाई स्वतः.

"सुंदर आहे म्हणून दाखवते"

अमेरिकेतल्या हॅना विल्कीला हे आयुष्यभर ऐकावं लागलं. ती खरोखरच देखणी होती. १९७४ साली तिने चघळलेल्या च्युइंगमच्या छोट्या घड्या करून त्या स्वतःच्या उघड्या अंगावर, चेहऱ्यावर चिकटवल्या आणि मॉडेलसारख्या अदा घेत छायाचित्रं काढून घेतली. त्या घड्या लांबून दागिन्यांसारख्या दिसतात, जवळून जखमांसारख्या. च्युइंगमच का, तर बाईला समाज असंच वागवतो म्हणून. चव आहे तोवर चघळायची, संपली की टाकून द्यायची. टीकाकारांनी, त्यात स्त्रीवादी टीकाकारही होत्या, म्हटलं की ही स्वतःच्या रूपाच्या प्रेमात आहे. दिसायला बेताची असती तर हिने हे केलं असतं का?

मग तिला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला, लिम्फोमा. आणि तिने छायाचित्रं काढून घेणं थांबवलं नाही. १९९१ आणि १९९२ या वर्षांतली तिची मोठी रंगीत छायाचित्रं आहेत. केस गेलेले, अंग सुजलेलं, नळ्या आणि मलमपट्ट्या. एकात तिने रुग्णालयाची निळी चादर डोक्यावरून घेतली आहे, मदर मेरीच्या पदरासारखी. अदा त्याच, पूर्वीच्या. जानेवारी १९९३ मध्ये ती गेली, ५२व्या वर्षी. ही छायाचित्रं तिच्या मृत्यूनंतर, १९९४ साली लोकांसमोर आली.

त्यानंतर तिच्या तरुणपणीच्या छायाचित्रांकडेही लोक वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. मला मात्र एक दुःख राहतं. तिचं म्हणणं पटायला आपल्याला तिचं आजारी शरीर का लागावं?

"हे आपलं नाही"

'परफॉर्मन्स आर्ट' हे नाव बाहेरून आलं, हे मान्यच आहे. पण शरीर आणि वेश घेऊन नियम मोडण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. डोईवरचा पदर खांद्यावर घेऊन भरल्या बाजारात जाईन, असं जनाबाई म्हणते, तेव्हा ती शरीराचीच भाषा बोलते. जनाबाईला मी कलावंतांच्या यादीत बसवत नाही, तिचं नातं विठ्ठलाशी होतं, प्रेक्षकाशी नाही. पण पदर किती सरकला यावर बाईची किंमत ठरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि परफॉर्मन्सही आपल्याकडे आपल्या गरजेतून आला. मुंबईत रुम्माना हुसेन चित्रं काढत होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली, शहरात दंगली पेटल्या. स्वतःच्या नावामुळे स्वतःच्याच शहरात भीती वाटावी, असे ते दिवस होते. त्यानंतर त्यांचं काम पार बदललं. कॅनव्हास सुटला, फुटलेली मातीची मडकी आली, आणि १९९५ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये त्या स्वतः लोकांसमोर आल्या. पायांत घुंगरू. हातात मधोमध चिरलेली पपई. तोंड उघडलेलं, पण आवाज नाही. किंचाळी होती, ऐकू येत नव्हती.

पपई का, असं मुलं विचारतात. आपल्याकडे पपई आणि गर्भ यांचा संबंध प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असतो, गरोदरपणी ती खाऊ देत नाहीत. चिरलेली पपई आतून गर्भाशयासारखी दिसते, जखमेसारखीही दिसते. दंगलीत बाईच्या शरीराचं काय होतं, हे सांगायला त्यांना एकही शब्द लागला नाही. १९९९ साली, पन्नाशीही न गाठता, त्या कर्करोगाने गेल्या. त्यांचं नाव मराठी वाचकांना जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला खंत आहे.

दुसरं नाव शकुंतला कुलकर्णी यांचं. जन्म धारवाडचा, कामाची जागा मुंबई. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी वेताचं काम करणाऱ्या कारागिरांबरोबर चिलखतं बनवली. डोक्याला, छातीला, कमरेला वेताची विणलेली कवचं, दागिन्यांसारखी देखणी. ती स्वतःच्या अंगावर चढवून त्या मुंबईत सार्वजनिक ठिकाणी उभ्या राहिल्या आणि तशी छायाचित्रं काढून घेतली. साठीची बाई, शहराच्या मध्यात, शिरस्त्राण घालून. बाहेर पडताना बाईला चिलखत लागतं हे त्यातून कळतं, आणि दुसऱ्याच क्षणी दिसतं की हे चिलखत पिंजऱ्यासारखं आहे. त्यात बसता येत नाही, वाकता येत नाही. संध्याकाळी सातच्या आत घरात, ओढणी नीट घे, एकटी जाऊ नको, ही आपल्या मुलींची चिलखतं अशाच वेताने विणलेली असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसला डिओरच्या फॅशन शोमध्ये ही चिलखतं मंचाच्या मधोमध उभी होती आणि मॉडेल्स त्यांच्याभोवती चालत होत्या. बातम्या आल्या त्या फॅशनच्या पानावर.

कुणाचं शरीर?

एक आक्षेप असा आहे की त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लावणी-तमाशातल्या कलावंतिणी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचं शरीर घेऊन नजरेसमोर उभ्या राहिल्या. बैठकीच्या लावणीत गाणारी बाई समोरच्याची नजर पकडते, भुवई उचलून त्याला थांबवते, खेळवते, लाजवते. उलट बघणं म्हणजे काय हे तिला कुठल्या कलाशाळेने शिकवलेलं नाही. पण तिच्या कलेवर टाळ्या पडल्या आणि तिच्या जातीवर, चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं. दालनात सहा तास उभी राहणारी बाई निवड करून उभी राहते आणि नंतर आपल्या घरी जाते. फडावरच्या बाईला ती निवड कितपत होती?

म्हणून शरीर हेच माध्यम असं म्हणताना कुणाचं शरीर, कुठल्या दारातून आत आलेलं, हे विचारलं गेलं पाहिजे. या कलेच्या इतिहासात लावणीच्या त्या बाईला जागा द्यायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

"मग माझी सेल्फीही कला?"

माझ्या विद्यार्थिनींचा हा लाडका प्रश्न. २०१४ साली अमालिया उलमन या तरुण कलावंताने इन्स्टाग्रामवर काही महिने आपली छायाचित्रं टाकली. लॉस एंजेलिसला आलेली गोड मुलगी, मग महागडे कपडे, मग छातीची शस्त्रक्रिया, मग कोसळणं, मग माफी आणि योगासनं. हजारो लोकांनी तिचा हेवा केला, तिला नावं ठेवली, तिची काळजी केली. अखेर तिने सांगितलं की हे सगळं आधी लिहिलेलं होतं, शस्त्रक्रिया झालीच नव्हती. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१६ साली हे काम दाखवलं गेलं.

सेल्फी काढणारी मुलगी नजरेला हवं ते देते. उलमनने तेच दिलं आणि मग नजरेलाच तिचा हिशेब दाखवला. फरक तिथे आहे. तरी मी मुलींना एवढंच सांगते की फोटो टाकण्याआधी चार काढून तीन पुसतेस ना, ते तीन का पुसलेस ते एकदा लिहून काढ. एकीने खरंच लिहून आणलं. तीन पानं झाली होती.

सत्तराव्या वर्षी पुन्हा

आत्याला मी हे सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं. पण एक गोष्ट आवर्जून सांगितली. २००३ साली, वयाच्या ७०व्या वर्षी, योको ओनो पॅरिसमध्ये पुन्हा लोकांसमोर बसली. पुन्हा कात्री, पुन्हा माणसं. या वेळी तिने लोकांना सांगितलं की कापलेला तुकडा तुमच्या प्रेमाच्या माणसाला पाठवा.

"सत्तराव्या वर्षी?" आत्या म्हणाली. "आणि लोकांनी कापलं?"

"कापलं. पण जपून."

ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग मी विचारलं, "आत्या, तुझी ती अंजिरी इरकल कुठे आहे गं?"

"ती होय? फाडली मी. पाचवे नाही म्हणून गेले त्याच दिवशी फाडणार होते, पण आईने हात धरला. मग लग्नानंतर फाडली." ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि पलंगावरची गोधडी घेऊन आली. मधोमध, विटलेल्या पांढऱ्या तुकड्यांच्या शेजारी, हातभर अंजिरी चौकोन होता. "तुला बाळपणी याच्यावर निजवायचे मी," म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "लाव परत. ते हात छातीवर घेते ना, तिथपासून."